उसवलेले टाके

जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या आईला आता उशीचा एकच अभ्रा ओळखीचा वाटायचा. दुसरं कापड दिलं की ती बावरायची. रोज सकाळी ती त्यावर नवी नक्षी भरायची आणि पोरीसारखी खुलायची. दुपारी तिचा डोळा लागला की लेक उद्यासाठी सगळे टाके उसवून ठेवायची. आई तिला परकी बाई समजायची. लेकीच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. आज आईच्या सुईखाली विरलेलं कापड टर्रकन फाटलं. लेक दचकून पुढे धावली. "घाबरता काय बाई? भोकाभोवती टाके घातले की फूल होतं," आई म्हणाली. मग कानाशी कुजबुजली, "माझी लेक रोज चोरून उसवते. तिला वाटतं, म्हातारीला कळत नाही! सांगू नका हं तिला. तेवढंच तिला आईसाठी काही केल्याचं समाधान." लेकीनं मान डोलावली आणि सुईत दोरा ओवून दिला.