बारक्याची वीज

“जागणाऱ्याला तुम्ही फाइलमधून पुसलंत, आणि वर टाळ्या घेताय!”

कंपनीतली इंजिनियर नायरी भर सभेत उभी राहून ओरडली. नदीकाठच्या गावातला तो लहानसा हॉल माणसांनी भरलेला होता. व्यासपीठावर बसलेल्या तिच्याच कंपनीच्या डायरेक्टरने हातातला स्कोन, चहाबरोबरचा गोडसर पाव, बशीत ठेवला आणि तो हसला. अशी माणसं आधी हसतातच.

भांडण एका चिपवरून होतं. वाइतोरू नदीवर, वर डोंगरात, कंपनीने पुराची सूचना देणारी पेटी बसवली होती. पेटीतला मोठा प्रोसेसर बॅटरी वाचवायला कायम झोपलेला. शेजारी एक बारका प्रोसेसर. त्याने फक्त जागं राहायचं आणि पाणी चढलं की मोठ्याला उठवायचं. मोठ्याने उठून गावातल्या ह्याच हॉलवरच्या भोंग्याला फोन लावायचा. भोंगा वाजला की माणसांनी टेकाडावर पळायचं. नायरीची हुइया मावशी अगदी पाण्याला लागून राहायची.

पेटीत काय काय आहे हे एका फाइलमध्ये लिहावं लागतं. ती नायरीने लिहिली होती. पण बॅटरी किती पुरेल याचा हिशेबही त्याच फाइलवरून निघतो. बारक्याचं वर्णन ठेवलं तर दोन वर्षं, काढलं तर दहा. विकायला दहा बरी दिसतात. वरून हुकूम आला, वर्णन काढा.

“अहो, सुरू होताना यंत्रणा ती फाइल वाचते,” नायरीने तेव्हाच सांगितलं होतं. “फाइलमध्ये ज्याचं नाव नाही त्याची वीज तोडते. बारका मरेल.”

“मग तेवढीच वीज वाचली की!” डायरेक्टर म्हणाला होता. त्याच दिवशी फाइल तिच्या हातून काढून घेतली.

आता इथला पावसाळी हिवाळा सरला होता. आज नद्यांचा कारभार बघणारी सरकारी परिषद सगळ्याच नद्यांवर ह्या पेट्या बसवायच्या ठरावावर सही करणार होती.

“ही म्हणत होती पेटी मरेल,” डायरेक्टर लोकांकडे बघून म्हणाला. “चार पूर आले. चारही वेळा भोंगा वाजला. आणि बॅटरी? गेल्या आठवड्यात उघडून पाहिली, भरली होती तश्शीच! काय गं नायरी, अजून काही शंका?”

हॉल खदखदून हसला. पुढच्या रांगेतली हुइया मावशी विणकाम मांडीवर ठेवून मागे वळली.

“बस गं खाली. त्या भोंग्यामुळे जिवंत आहे मी. आणि डोळे बघ स्वतःचे, तांबडेलाल. हिवाळाभर झोपली नाहीस की काय?”

“नाही झोपले,” नायरी म्हणाली.

तिने खिशातून फोन काढला आणि एक नंबर लावला. डोक्यावर, छपरावरचा भोंगा बोंबलायला लागला. खुर्च्या उलथल्या. माणसं दाराकडे धावली, मावशीही उठली. बाहेर लख्ख ऊन होतं. नदीत गुडघाभर पाणी. सगळे दारातच थबकले आणि एकेक मान नायरीकडे वळली.

तिने फोन बंद केला. भोंगा थांबला.

“पहिल्या पुरानंतर मी तुम्हाला कळवलं होतं, पेटी उठलीच नाही. तुमचं उत्तर आलं, भोंगा वाजला ना, मग विषय संपला. चारही वेळा तो असाच वाजलाय. डोंगरातल्या पावसाचे आकडे बघत मी उशाशी फोन घेऊन बसायचे. जी पेटी कधी उठलीच नाही, तिची बॅटरी उतरेल कशाला?”

डायरेक्टरने बशीतला स्कोन पुन्हा उचलला. मग परत ठेवला. हसू मात्र तोंडावर तसंच चिकटून राहिलं होतं.

“एका नदीसाठी मी जागले. आता सगळ्या नद्या. बोला ना साहेब, कोण जागणार?”