मयताचा भाव

"चार क्विंटल द्या. जाडजूड बघून," धुरपदाबाई म्हणाली.

वखारीच्या गादीवर बसलेल्या वीरप्पानं मान वर न करता विचारलं, "कोण गेलं?"

"कोण न्हाय. भट्टीला पायजेत."

तेव्हा कुठं वीरप्पानं मान वर केली. एवढी लाकडं मागायला आलेलं माणूस घरातलं कुणीतरी मारल्याशिवाय आलंय, असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

त्याचं असं होतं. गॅसची टाकी महागली, तशी ईट गावाच्या भागातल्या बायकांनी शेगड्या फळीवर चढवल्या आणि चुली सारवल्या. डिझेल महागलं, तसं टेम्पोचं भाडं चढलं, करवतीच्या मशीनचं चढलं, आणि वेड्या बाभळीलासुद्धा सागवानाचा तोरा आला. पण वीरप्पाच्या वखारीत बापापासूनची एक रीत होती. बाप सांगून गेला होता, "आपण लिंगायत. आपली माणसं जळत न्हाईत, मातीत बसतात. दुसऱ्याच्या सरणावर नफा खायचा न्हाय." म्हणून मयताच्या लाकडाला निम्मा भाव आणि टेम्पो फुकट. घेणाऱ्यानंही मयताच्या लाकडाला घासाघीस करायची नाही, ही तर जगाचीच रीत.

मग काय, माणसं धडाधड मरायला लागली. त्या उन्हाळ्यात एवढी माणसं गेली की आसपासची गावं ओस पडायला हवी होती. पण आठवडी बाजारात पाय ठेवायला जागा नसायची. योगीराजनं तर सासू दोनदा मारली. दुसऱ्या खेपेला ती म्हातारी स्वतःच लाकडं उतरवून घ्यायला दारात उभी होती, आणि वर "जरा वाळल्याली आणत जा" म्हणून वखारीचा गडी सिदू, त्यालाच बोलली.

तेव्हापासून वीरप्पानं नियम केला. आधी सिदूनं घरी जायचं, मयताच्या नाकाशी सूत धरायचं. सूत हललं नाही तर लाकडं. कधी मयताला शिंक यायची, कधी कडेला बसून रडणारीला हसू फुटायचं. वीरप्पाला मात्र आता हसूही येत नसे आणि रागही. वांग्याचा भाव विचारावा तसं तो 'कोण गेलं' विचारायचा.

"उन्हात का हुभ्या? आत या की."

"हितंच बरी हाय."

"च्या सांगू?"

"आज नगं, आण्णा."

बाई पहिल्यापासून भिडस्तच. कपाळाला ठसठशीत कुंकू, पायांत धुळीनं माखलेल्या वहाणा. दोन कोसांवरच्या वाडीवरनं चालत आलेली दिसत होती. वाडीवर तिची खव्याची भट्टी होती. लाकूड महागल्यापासून ती कधी पेटायची, कधी नाही.

"भट्टी बंद हाय म्हणं तुमची?"

"ऊन चढायच्या आत लाकडं पोचली पायजेत," ती म्हणाली. "ठिवून चालायचं न्हाय."

"व्हय, ह्या उन्हात दूध किती दम धरंल."

ती काट्याकडं बघत राहिली.

"मालक न्हाय आले? का गुडघं?"

"गुडघं कालपासनं दुखत न्हाईत."

"तेल लागू पडलं म्हणा की."

धुरपदाबाईनं इकडंतिकडं बघितलं. "सिदू कुठाय?"

"कडूबाईचा दीर गेला म्हणं. त्याच्याकडं गेलाय."

"सूत घेऊन?"

"सूत घेऊन."

"समद्यांच्याच नाकाशी धरता?"

"समद्यांच्या. पाटील असू दे न्हायतर पुजारी. मेलेला काय लाजतोय व्हय?"

तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

वीरप्पानं बाभळीची खोडं निवडून काट्यावर टाकली. हात चालता चालता त्याला एकदम या बाईचं कौतुक वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं, म्हणून तो जरा थांबलाच.

"धुरपदाबाई, एक सांगू? तुमीबी आज मालकाला मारून आला असता, तर म्या काय वेगळं केलं असतं? पर तुमी न्हाय आला तसं. एक तरी खरं बोलणारं माणूस निघालं. तुमाला म्या मयताच्या भावानं देतो."

"नगं."

"अवो, खुशीनं देतोय."

"नगं म्हणते न्हवं. हाय त्यो भाव लावा."

तिनं पदराची गाठ सोडली आणि सगळ्या नोटा गादीच्या कडेला ठेवल्या. वीरप्पानं सांगितलेला भाव ऐकून भलेभले कपाळाला हात लावायचे. ही 'जास्त लावला' म्हणूनसुद्धा बोलली नाही. त्यानं वर दोन ढलप्या टाकल्या, त्याही तिनं काढून ठेवल्या.

सिदूचा पत्ता नव्हता आणि बाईला घाई होती. वीरप्पा स्वतःच टेम्पोवर बसला. धुरपदाबाई शेजारी, मांडीवर हात ठेवून. रस्ता खड्ड्यांचा, मागं लाकडं खडखडत होती. तिची भीड मोडावी म्हणून त्यानं योगीराजच्या सासूचा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. तिनं 'व्हय' म्हटलं. मग त्यानं डिझेलचं रडगाणं गायलं. तिनं पुन्हा 'व्हय' म्हटलं.

"संच्याला यीन म्या," तो म्हणाला. "मालकाला भेटंन, जाताना ताजा खवा घेऊन जाईन. न्हाय म्हणू नका."

ती समोर बघत होती.

वाडीचा फाटा आला. वीरप्पानं गाडी हळू केली आणि डावीकडं वळवायला घेतली.

"वळू नका, आण्णा," धुरपदाबाई म्हणाली. "सरळ मसणवट्याकडं घ्या. मालकाला पुढं नेलंय."