तुटकं वळण

"कुठं तुटलंय दाखव," प्रयोगशाळेत शिरताच मॅडम म्हणाल्या.

मी सिलिकॉनची चकती पुढं केली. तिच्यात हजार बारीक त्रिकोणी भोकं लेझरनं मीच पाडली होती, अर्धी सुलटी, अर्धी उलटी. सुलट्या-उलट्यांच्या हद्दीवरून संदेश वाहणाऱ्या लहरी धावणार आणि नको ती एकच लहर गाळली जाणार, असं मॅडमचं डिझाइन. हद्दीच्या वळणावर चिमटा अडकला, मी चिडून हिसडा दिला आणि तिथली दोन भोकांमधली भिंतच तुटली. चकती शेवटची होती. मॅडमच्या संशोधनाची दोन वर्षं तिच्यात गेली होती.

"शिव्या तरी द्या," मी म्हणाले.

"आधी तपासू दे गं."

त्यांनी चकती यंत्रात ठेवली. स्क्रीनवर पलीकडे पोचणाऱ्या लहरींची रेघ सरळ चालली, एकाच जागी खोल खड्डा पडला, पुन्हा सरळ झाली. नको ती लहर गळाली होती. बाकी सगळ्या त्या तुटक्या वळणावरून जराही न सांडता पलीकडे पोचल्या होत्या. भिंत तुटली की लहरी तिथंच विखुरणार, असं मी धरून चालले होते.

मॅडम हसत होत्या, डोळे पुसत होत्या. "आता शेजारची भिंत मुद्दाम तोड. बघू कुठवर तग धरते."

चिमटा माझ्याच हातात होता, पण हात पुढं होईना.