मशीनीची पूजा

मशीनीच्या कपाळावर हळदकुंकू होतं, अन् पडद्यावर तारीख होती तीन जानेवारी दोन हजार पंधरा.

दुर्गेशनं ती तारीख पाह्यली अन् त्याचे कान तापले.

कंपनीच्या फोनच्या मशीनी सांभाळणारा तो सकाळपासून कळमेश्वरच्या प्लांटातल्या या कोंदट खोलीत बसून होता. शहरातल्या सदर भागातल्या ऑफिसातला एकही फोन इथं लागून नव्हता राह्यला. माल सोडाचा हुकूम मोबाइलवर चालत नाही, ऑफिसच्या लाइनवरूनच आला पाहिजे, असा कंपनीचा कायदा. म्हणून भरलेले दोन ट्रक फाटकात उभे. इकडची मशीन फोन जोडाच्या आधी तिकडच्या मशीनीचं सर्टिफिकेट पाहे अन् एकच रडगाणं गाये, भरोसा नाही. दुर्गेशनं सर्टिफिकेट काढून पुन्हा टाकलं. सदरच्या मशीनीवर बसलेल्या रजतले मोबाइलवर दोन शिव्या घातल्या. मंग कुठं त्याची नजर तारखेवर गेली.

सदरचं सर्टिफिकेट यंदाच्या मार्चमधलं. इकडची ही बाई दोन हजार पंधरात बसलेली. दहा वर्षांनी जन्माले येणाऱ्याचं आधार कार्ड आज कोण खरं मानन?

मशीन बंद असताना तारीख सांभाळाले आत एक सेल असते, शर्टाच्या बटणाएवढा. तो मेला होता. मेला हाय, हे दुर्गेशले उन्हाळ्यापासून माहीत होतं. पुढच्या चकरीले बदलू म्हणता म्हणता चार चकरा झाल्या. चालू मशीनीले त्याचं काही अडत नाही. अन् बंद कराले जाते कोण?

बंद करणारे दारातच उभे होते. देवराव, प्लांटातले ठेक्यावरचे जुने शिपाई. खंडेनवमीले सगळ्या मशीनीची पूजा त्यांच्याच हातची. चालत्या मशीनीची पूजा होत नाही, म्हणून परवा त्यांनी हे खोकंही बंद केलं, फडक्यानं पुसलं, झेंडूचं फूल ठेवलं, अन् पुन्हा चालू केलं. काल दसऱ्याची सुट्टी, म्हणून फोनचं आज उघडं पडलं. पण त्याच्या आधी त्यांनी दुर्गेशले फोन केला होता. दुर्गेश तवा गाडीवर होता. आपण काय बोललो ते त्याले नीट आठवत नव्हतं. बंद करा म्हटलं, एवढं पक्कं.

"सापडलं का गा?" देवरावनं विचारलं.

"सापडलं."

"माह्यामुळंच झालं नं?"

"बाजूले व्हा नं काका!" दुर्गेश भडकला. "उजेड अडवून राह्यले."

बल्ब त्याच्याच डोक्यावर होता. तरी देवराव बाजूले झाले.

त्यानं तारीख दुरुस्त केली, मशीन बंद न करता फोनची जोडणी पुन्हा सुरू केली. अर्ध्या मिनिटात टेबलावरचा फोन वाजला. सदरहून प्रेमलता मॅडम, माल सोडणाऱ्या. दुर्गेशनं सवयीनं स्पीकरचं बटण दाबलं.

"लागला एकदाचा! दुर्गेश, काय झालं होतं रे?"

"तारीख मागं गेली होती मॅडम. मशीन बंद झाली, म्हणून."

"बंद झाली, की कोणी केली?"

सेलाचं सांगाचं तं आत्ताच सांगाचं होतं. दुर्गेश पडद्याकडं पाहत राह्यला.

"मी केली मॅडम," मागून देवराव बोलले. "पूजेसाठी."

"वाटलंच मला. तिथे दोन ट्रक सडताहेत, देवराव! बंद करण्याआधी कोणाला विचारलं होतं?"

दुर्गेशनं तोंड उघडलं.

"कोणाले नाही," देवराव म्हणाले.

"मग उद्यापासून येऊ नका. ठेकेदाराला सांगते मी, दुसरा माणूस देईल तो. दुर्गेश, थँक्यू हं. तू होतास म्हणून निभावलं."

फोन कटला. दुर्गेशचं तोंड अजून उघडंच होतं.

"काहून खोटं बोलले काका?"

"तुही नोकरी आत्ता लागली. माह्यं तं वर्ष-दीड वर्षच रायलं होतं."

दुर्गेशले राग आला. कोणाचा, ते त्याले कळेना. "तुम्हाले कोणी सांगतलं होतं मधात पडाले?"

देवरावनं खिशातला मोबाइल काढून त्याच्यापुढं धरला.

"एक काम कर. याच्यात सारे फोन आपोआप रेकॉर्ड होते. नातवानं लावून देलं. त्या दिवशीचं आपलं बोलणंबी असन. ते उडवून टाक, मले येत नाही. त्याच नातवाच्या, हर्षितच्या हाती लागलं तं पोट्टा सरळ मॅडमकडं जाईन."

दुर्गेशनं मोबाइल घेतला. खंडेनवमीच्या दिवशीचे तीन कॉल होते, तिन्हीवर नुसती वेळ, नंबर नाही.

"पहिले ऐकून पाह्य," देवराव म्हणाले. "भलतंच नको उडवू."

त्यानं एक लावून कानाले धरला. हॉर्न वाजून राह्यले होते, अन् त्यातून त्याचाच आवाज आला, घाईतला, हसणारा. "करा नं बंद काका, का होते त्याले? इतकुशा गोष्टीले काय फोन करता!"

मंग देवरावचा. "तसं नाही गा. तुमच्या मशीनीले हात लावाचं भेव वाटते मले. इचारून घेतलेलं बरं."

रेकॉर्डिंग संपलं. दुर्गेशनं मोबाइल कानावरून काढला नाही.

देवराव हात पुढं करून उभे होते.

"उडलं का गा?" त्यांनी विचारलं.