कॉर्नेलला बसवा

सोमवारी सकाळी क्लीव्हलँडच्या रेडिओवर कालच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याची चिरफाड चालली होती. अर्लीननं खोटं नाव सांगून फोन लावला.

"बचावफळीतून त्या कॉर्नेलला काढा. जुन्या संघात होता तेव्हा त्याची धडक बसली की समोरचा उठत नसे. आता नुसता डोकं खाली घालून घुसतो. त्याच्या जागी कुणी चपळ पोरगा मागे ठेवा, लांबचे पास तरी अडतील."

"अहो मावशी, सगळं शहर जीव टाकतं त्याच्यावर!" निवेदक हसला. "तुमचं काय घोडं मारलंय त्यानं?"

तिनं फोन ठेवला आणि ती पडदे ओढलेल्या खोलीत गेली.

 

उजेड सहन होईना म्हणून डोळ्यांवर हात घेऊन पडलेल्या कॉर्नेलनं पुन्हा तेच विचारलं, "आई, काल जिंकलो ना गं आम्ही?"