पान्हा

डेअरीला दूध घालण्यात आमचं गाव भोकरदन तालुक्यात पहिलं आलं. सत्कार करायला डेअरीचे साहेब तुळजाबाईच्या गोठ्यात आले, तेही नाकाला रुमाल लावूनच. कोरा चहा बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"समदं दूध डेअरीलाच जातं, सायेब. नात बी कोराच पिऊन राह्यली," तुळजाबाई म्हणाली.

"याला म्हणतात प्रगती!" साहेबांनी फोटोसाठी रेडकाच्या गळ्यात हात टाकला. म्हैस त्याला चाटत होती. रेडकू धाडकन आडवं झालं आणि त्याच्या पोटातून भुसा सांडला.

"दुधावाचून मेलं ते. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून कातड्यात भुसा भरलाय."



साहेबांनी रुमालाला हात पुसले. "उभं करा परत. फोटोत कळत नाही."