सैल अंगठी

"काल आरतीच्या ताटात कुणा माउलीनं सोन्याची अंगठी वाहिली, आणि नावसुद्धा सांगितलं नाही! याला म्हणतात दान!" कीर्तनकारबुवांनी अंगठी उंच धरली, तसा मंडप टाळ्यांनी दणाणला.

शरयूकाकूंनी मात्र ती ओळखली. काल कणीक मळताना सुनेनं उतरवून दिलेली अंगठी त्यांनी आपल्या बोटात अडकवली होती आणि तशाच कीर्तनाला आल्या होत्या. ताटात दहाची नोट टाकताना ती गळून पडली असणार. आज सकाळपासून दोघींनी घर पालथं घातलं होतं. विठ्ठला, काय रे हे!

शेजारी बसलेल्या सुनेनंही अंगठी ओळखली. तिच्या आईची शेवटची खूण होती ती. डोळे भरून आले, तरी ती हळूच म्हणाली, "आई, आता मागू नका. देवाला वाहिलेलं परत मागितलं, तर चारचौघांत तुमची शोभा होईल."

पोरीनं आपली अब्रू सांभाळायची आणि आपण टाळ्या ऐकत बसायचं? काकू पदर खोचून उभ्या राहिल्या.

"बुवा, दान कसलं डोंबलाचं! सैल होती, घसरली! माझ्या सुनेची आहे हो ती!"

अख्खा मंडप खो खो हसला. बुवाही हसले. चिपळ्या खाली ठेवून त्यांनी सुनेला पुढं बोलावलं आणि अंगठी तिच्या तळहातावर ठेवली.

"घे, पोरी. आमचा देव चोर खरा, पण लोण्याचा! लेकीबाळींचं सोनं त्याला पचायचं नाही."